मनीषनगरातला फ्लॅट, बावीस कुंड्या आणि नवतपा

नागपुरातल्या फ्लॅटमध्ये झाडं लावायला आणि लावलेली जगवायला लोकांना मदत करणं, हे माझं गेल्या काही वर्षांचं काम आहे. हे प्रकरण त्यांतल्याच एका घराचं. घरच्यांची परवानगी घेतली आहे. वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घराच्या दिशा, ऊन, पाणी आणि झाडांचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण सगळा उलगडा त्यांतच आहे.

पार्श्वभूमी

आजी पंचाहत्तरीच्या. लग्न होऊन नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या ज्या घरात आल्या, तिथेच पन्नासेक वर्षं राहिल्या. मागे विहीर, विहिरीजवळ पारिजातक, बाजूला जास्वंद, कढीपत्ता, मोगऱ्याची तीन झाडं, मधोमध तुळशीवृंदावन. पहाटे साडेपाचला उठायचं, अंगण झाडून सडा टाकायचा, परडीत फुलं तोडायची, तुळशीला पाणी द्यायचं. घर जागं व्हायच्या आत त्यांचा अर्धा दिवस होऊन जायचा. भावाभावांत वाटणी झाली, घर विकलं गेलं आणि दिवाळीनंतर आजी मुलाकडे आल्या: मनीषनगर, पाचवा मजला, टू बीएचके. घरात मुलगा, सून, शाळकरी नातू आणि दोन वर्षांची नात.

जाग मात्र साडेपाचलाच यायची. पुढचे अडीच तास करायला काही नसायचं. पलंगावर बसून खिडकीबाहेर बघायचं. खिडकी पूर्वेची, पण आठ फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. तिच्यावर सांडपाण्याचे पाइप, कुणाच्या तरी एसीचा बाहेरचा डबा आणि पावसाचे काळे ओघळ. सून मला म्हणाली, "आई बोलायच्याच कमी झाल्या हो ताई. विचारलं तर म्हणतात, काही नाही, बरं आहे."

मुलाला हे दिसत होतं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो नर्सरीत गेला आणि एका फेरीत २२ कुंड्या घेऊन आला. साडेनऊ हजार रुपये लागले. हातात मोबाइलवर फिरत आलेली 'हवा शुद्ध करणाऱ्या झाडांची' यादी होती. आजींना थोडा दमा आहे, तेव्हा आईला हिरवळही मिळेल आणि श्वासही सुधारेल, असा त्याचा विचार. झाडं हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, सोफ्यामागे आणि पश्चिमेच्या बाल्कनीत लागली. येणारा-जाणारा थांबून बघायचा, इतका हॉल सुंदर दिसत होता.

अडचण

मला फोन आला मेच्या तिसऱ्या आठवड्यात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला चार-पाच दिवस होते, पारा ४४-४५ वर होता. २२ पैकी १४ झाडं गेली होती. मुलगा म्हणाला, "उन्हाळ्याने खाल्ली, ताई. नागपुरात हे होणारच नाही असं दिसतंय." त्याला दोन गोष्टी विचारायच्या होत्या: उरलेली आठ कशी वाचवायची आणि नवीन कोणती आणायची, या आठवड्यातच.

आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माह्या हातून अशी झाडं कधी मेली नव्हती बाप्पा. आता हातालेच काही झालं असंन." हे वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, आधी झाडं का मेली हे नीट शोधायला हवं. कारण समजल्याशिवाय नवीन झाड आणलं असतं तर तेही गेलं असतं, आणि तो दोषही त्यांनी स्वतःच्याच हातावर घेतला असता.

झाडं का मेली

हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरली आणि चौदाच्या चौदा कुंड्या एकेक करून उपड्या केल्या. घरातले सगळे भोवती बसले होते, नातूसुद्धा. दीड तास लागला.

नऊ झाडांची मुळं काळी, लिबलिबीत, कुजका वास येणारी. त्यांत चार स्नेक प्लांट आणि दोन झीझी होती, म्हणजे महिनाभर पाणी नसलं तरी तग धरणारी झाडं. बाहेर ४५ डिग्री असताना पाच-सहा इंच माती गच्च ओली होती. हे झालं कसं, याची तीन कारणं एकमेकांत गुंतलेली निघाली.

पहिलं कारण मातीचं. मुलाने कुंड्या बदलताना भर म्हणून एका ओळखीच्याच्या प्लॉटवरची काळी माती आणली होती. आपली ही कापसाची काळी माती शेतात सोनं आहे. कुंडीत ती ओली झाली की फुगते, हवेच्या वाटा बंद करते, आणि सुकली की आक्रसून तिला भेगा पडतात. मग वरून दिलेलं पाणी कडेच्या भेगांतून थेट तळाला जातं. शिवाय शोभेच्या बाहेरच्या कुंड्यांना भोकंच नव्हती. तळात दोन-दोन बोटं पाणी साठलेलं होतं.

दुसरं कारण कूलरचं, आणि हे मला नागपूरच्या प्रत्येक घरात सांगावं लागतं. एप्रिल लागला की आपण म्हणतो, ऊन वाढलं, झाडांना दोन वेळा पाणी द्या. पण कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत सोडतो. त्या दिवशी दुपारी माझ्या आर्द्रतामापकाने बाल्कनीत १४ टक्के दाखवले, कूलर चालू असलेल्या हॉलमध्ये ५८. अशा दमट हॉलमधल्या कुंडीतली माती सावकाश सुकते. बाहेरचं ऊन बघून पाणी वाढवायचं आणि झाड मात्र पावसाळ्यासारख्या हवेत ठेवायचं, असं त्या घरात दीड महिना चाललं होतं.

तिसरं कारण विचारल्याशिवाय कळलं नसतं. मी सहज विचारलं, पाणी कोण देतं? आजी म्हणाल्या, "मी टाकत होती, सकाळी उठल्याबरोबर." मुलगा म्हणाला, "मी तर रोज रात्री देतो." भांडी घासायला येणाऱ्या बाईही दुपारी उरलेलं पाणी टाकून जात, कारण सुनेने एकदा त्यांना सांगितलं होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आजींनी मुलाला विचारलं, "तू काहून टाकत होता? मले वाटलं, तुले ऑफिसातून वेळच भेटत नसंन." प्रत्येकाने प्रेमाने दिलं होतं आणि दुसऱ्याने दिलेलं कुणाला माहीत नव्हतं.

उरलेल्या पाचांपैकी तिघांची मुळं ठीक होती, पण पानांची टोकं तपकिरी, मातीवर पांढरी पुटं. ही आरओच्या पाण्याची खूण. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून झाडांना दिलं जायचं. हेतू चांगला. पण गाळून उरलेलं पाणी म्हणजे मूळ पाण्यातले क्षार दाटून आलेलं पाणी. इमारतीत बोअरवेलचं पाणी चढतं. त्यात विरघळलेले क्षार लिटरला ७८० मिलिग्रॅम निघाले, आरओच्या बादलीत १३५० च्या आसपास. स्पायडर प्लांटसारख्या झाडाची टोकं त्याने जळतातच. कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणीही असंच: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतली वाफ थिजून झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते या घरात रोज गच्चीच्या पाइपात वाहून जात होतं.

शेवटची दोन, एक फर्न आणि एक कॅलाथिया, खरोखर उन्हाने गेली. 'उत्तरेला ऊन येत नाही' म्हणून ती स्वयंपाकघरामागच्या उत्तरेच्या वॉश एरियात ठेवली होती. नागपूर २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, मग जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेलाच असतो. मार्चच्या अखेरीपासून तो मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेच्या भिंतीवर संध्याकाळचं तिरपं ऊन येतं, आणि सोबत कोरडा वारा. फर्नला एवढं पुरतं.

म्हणजे उन्हाळ्याच्या नावावर लिहिलेल्या १४ मृत्यूंपैकी १२ पाण्याचे होते. आजी बराच वेळ ती काळी मुळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तहानेनं नाही मेले." एवढंच. पण त्यानंतर त्या दारातून आत येऊन खुर्चीवर बसल्या.

पहिला निर्णय: हिरवळ कुठे हवी

मी फोनवरच्या प्रकाशमापकाने घर फिरून मोजलं. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी चारला आकडा साठ हजार लक्सच्या वर. हॉलमध्ये सरकत्या काचेपासून तीन फूट आत सुमारे १,८००. आजींच्या खिडकीच्या कट्ट्यावर ६००, आणि पलंगाच्या उशाशी, जिथे त्या बसतात, अवघे ९०. डोळ्यांना हा फरक कळत नाही, कारण डोळे अंधाराशी जुळवून घेतात. मोजायला काही नसेल तर कागदावर हात धरावा: सावली रेखीव पडली तर भरपूर उजेड, पुसट पडली तर मध्यम, दिसलीच नाही तर तिथे झाड वाढणार नाही, फक्त मरायला वेळ घेईल.

अडचण इथे होती. घरातल्या ज्या माणसासाठी झाडं आणली ते घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी बसत होतं, आणि २२ पैकी एकही कुंडी त्या खोलीत नव्हती. हॉलमधली झाडं आजींना पलंगावरून दिसतच नसत.

मुलाचा पहिला प्रश्न हवेचा होता, आणि त्याला मी स्पष्ट उत्तर दिलं. त्या याद्यांचं मूळ १९८९ च्या नासाच्या प्रयोगात आहे. तो लहानशा, हवाबंद पेटीत केलेला होता. घराच्या दारा-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी जुने सगळे प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत हवा जेवढी आपोआप बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. आजींची खोली दहा चौरस मीटरची. किमान शंभर कुंड्या. दम्यासाठी पहाटे खिडक्या उघडणं आणि फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा लावणं जास्त कामाचं. उलट सतत ओल्या मातीवर बुरशी धरते, ती दमेकऱ्याला त्रास देऊ शकते. मुलगा थोडा खट्टू झाला.

मग मी त्याला दुसऱ्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या रॉजर उल्रिच यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी कडक लागली. १९८४ साली ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. रुग्ण थोडे होते, देश वेगळा, पण खिडकी आणि भिंत ऐकून सून पटकन म्हणाली, "आपल्या आईंचीच खिडकी झाली ना ही." तेव्हापासून कामाचा मुद्दा बदलला: हवा बाजूला, नजर आधी.

दुसरा निर्णय: आजींना काय हवंय

हे मी पहिल्या दिवशी विचारलंच नाही. दुसऱ्या भेटीत विचारलं, तेही चहा घेता घेता. आजी म्हणाल्या, "हे पानाचे झाडं छान आहेत. पण यायले काही करावंच लागत नाही. नुसतं पाहाचं. मले तोडाले काही पाहिजे ना सकाळी."

परडीत टाकायला चार फुलं, देवाला तुळशीची पानं, भाजीला कढीपत्ता. त्यांना हाताला काम हवं होतं. आम्ही सगळे शोभा आणि प्रकाश मोजत बसलो होतो.

समोरचे पर्याय

खिडकीसाठी चार पर्याय होते. कुंड्या ग्रिलच्या बाहेर टांगायच्या, तिथे उजेड जास्त. पण पाचवा मजला, खाली मुलं खेळतात, मे-जूनमधली वादळी वावटळ. हा लगेच सोडला. आजींची बसायची जागाच हॉलमध्ये हलवायची. सुनेला हे सोपं वाटत होतं, आजींना मान्य नव्हतं. पहाटे हॉलमध्ये दिवा लावला तर नातू जागा होतो, म्हणून त्या आपल्या खोलीत बसतात. तिसरा पर्याय, प्लास्टिकची झाडं. नातवाने सुचवला आणि आजींच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच मागे घेतला. चौथा, ग्रिलच्या आतल्या बाजूला कमी उजेडातली झाडं आणि वरून एक पांढरी एलईडी ट्यूब. २० वॉटची ट्यूब रोज १२ तास लावली तर महिन्याला सातेक युनिट. हा घेतला.

बाल्कनीसाठी वाद जास्त झाला. मुलाला पश्चिमेचं ऊन बघून ती जागा सोडून द्यायची होती. मला वाटत होतं, मोगरा, तुळस, जास्वंद या मंडळींना हवंय तेच ऊन तिथे आहे. फक्त एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत वर हिरवी जाळी लागेल, ५० टक्के सावलीची. शेवटी जाळी लावायचं ठरलं.

नवीन झाडं कधी आणायची, यावर मी ठाम होते: पाऊस पडेपर्यंत थांबायचं. नवतप्यात मुळं हलवू नयेत हे बरोबरच आहे. पण या निर्णयाकडे मी शेवटी परत येणार आहे.

काय केलं

पहिल्याच दिवशी पाणी एका हातात दिलं, आजींच्या. बाकी कुणी कुंडीला पाणी द्यायचं नाही. आजींनी रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर पुढच्या कुंडीकडे जायचं. पहिल्या आठवड्यात त्यांना हे जड गेलं; पाणी न देणं म्हणजे त्यांना उपाशी ठेवल्यासारखं वाटायचं. मग त्यांनी स्वतःच कुंडी किंचित उचलून वजनावरून ओळखायची युक्ती काढली, "हलकी झाली का समजते."

आरओचं पाणी फरशी पुसायला गेलं. आजींच्या खोलीतल्या एसीची नळी एका झाकणाच्या बादलीत सोडली. वाचलेल्या आठांच्या कुंड्यांतून चांगलं पाणी तीन-चार वेळा वाहू देऊन साठलेले क्षार धुतले. भोकं नसलेल्या कुंड्या बाजूला केल्या.

आठांमधलं एक डायफेनबाकिया मी घराबाहेर काढायला लावलं. त्याच्या पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. लहान मुलाने चावलं तर तोंडात आग होते, सूज येते. दोन वर्षांची नात सगळं तोंडात घालत होती. मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा आणि सिंगोनियममध्येही हेच स्फटिक असतात, म्हणून ती तिच्या हाताच्या वर ठेवली.

जूनच्या शेवटी दोन चांगले पाऊस झाल्यावर मातीचं काम केलं. भंडाऱ्याकडच्या राइस मिलमधून आणलेली धानाची तूस, विटांचे बारीक तुकडे, गांडूळखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. काळी माती अजिबात नाही. कूलरच्या घरात कोकोपीट कमीच ठेवते मी, ते पाणी फार धरून ठेवतं. आजींच्या खिडकीत झीझी, दोन नवे स्नेक प्लांट, अ‍ॅग्लोनिमा आणि मनी प्लांट. हॉलमध्ये रबर प्लांट, अरेका पाम, सिंगोनियम, दुसरा मनी प्लांट आणि एक पीस लिली, तीही कूलरच्या हवेच्या बाजूला, कारण तिला दमटपणा आवडतो. बाल्कनीत दोन तुळशी, तीन मोगरे, एक जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा. एकूण १८ कुंड्या, जास्तीचा खर्च तीन हजारांच्या आत.

कुंड्यांखालच्या ताटल्यांचा प्रश्न शेवटपर्यंत छळत राहिला. ताटली नसेल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी ठिबकतं. त्यांनी एकदा वर येऊन सांगितलंही, रागावून नाही, पण सांगितलं. ताटली असेल तर तिच्यात पाणी साठतं आणि डास होतात. शेवटी ताटल्यांमध्ये वाळू भरली. जास्तीचं पाणी वाळूत मुरतं, वर थर राहत नाही.

माझी चूक

आजींच्या खिडकीत पानं दाट दिसावीत म्हणून मी मनी प्लांटच्या कांड्या काचेच्या चार बाटल्यांत पाण्यात लावून दिल्या. कमी उजेडात छान जगतात, मुळं दिसतात, नातवाला मजा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी कूलर तपासत आले आणि एका बाटलीत त्यांना अळ्या सापडल्या.

डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. मला हे माहीत होतं. मी सुनेला 'पाणी बदलत जा' एवढंच सांगितलं. किती दिवसांनी, कसं, हे सांगितलं नाही. पंचाहत्तरीच्या दमेकरी बाईंच्या उशाशी आणि दोन वर्षांच्या मुलीच्या घरात मी डासांची जागा करून दिली होती. कुणी आजारी पडलं नाही, पण मी त्या दिवशी जाऊन माफी मागितली आणि चारही कांड्या मातीत लावल्या. तेव्हापासून पावसाळ्यात मी कुणाच्याही घरी पाण्यातलं झाड लावत नाही.

काय झालं

पहिल्या फोनला आता वीस महिने झाले. १८ पैकी १५ कुंड्या हिरव्या आहेत. एक तुळस थंडीत गेली. एक स्नेक प्लांट पुन्हा मुळकुजीने गेला, पाहुणे राहायला आले होते त्या आठवड्यात. त्यांनीही प्रेमाने पाणी दिलं. अरेका दुसऱ्या मेमध्ये गेला. घर लग्नासाठी नऊ दिवस अमरावतीला गेलं होतं. बादलीतून सुती वाती कुंड्यांत सोडून पाण्याची सोय केली होती आणि ती चाललीही. पण कूलर बंद, घर बंद, आतली हवा कोरडी तापलेली. परत आले तेव्हा अरेकाच्या पानांखाली लाल कोळी ही कीड आणि तिची बारीक जाळी. पाण्याची काळजी घेतली, हवेची राहिली. पीस लिली कोमेजली होती, ती दोन दिवसांत उठली.

आजींच्या खिडकीतली झाडं सावकाश वाढतात. झीझीने वीस महिन्यांत दोनच नवे कोंब दिले. मी त्याला यश मानते. त्या उजेडात एवढंच होतं. मनी प्लांट ग्रिलवर चढून पाइप झाकायला लागलाय. एसीचा डबा अजून दिसतो.

आजींचा दमा झाडांमुळे सुधारला असं मी म्हणणार नाही, घरचेही म्हणत नाहीत. पण साडेपाच ते आठ आता भरलेले असतात. बोट घालून बघणं, वाळलेली पानं काढणं, मार्च ते जून मोगऱ्याच्या कळ्या. जास्वंदीवर गेल्या मार्चमध्ये पिठ्या ढेकूण आला तेव्हा आजींनी मला फोन केला नाही. साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून, संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारून, आठ दिवसांनी सांगितलं. खालच्या काकू आता वर येतात त्या गवती चहासाठी.

पुन्हा करायचं झालं तर

पाच आठवडे थांबायचा माझा निर्णय झाडांसाठी बरोबर होता, आजींसाठी नव्हता. रिकाम्या कुंड्या बघून त्या एकदा म्हणाल्या, "हटवून टाका आता." मी पावसाची वाट बघत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले तर त्यांच्या खिडकीत एका परातीत गहू उगवलेले, वीतभर, पोपटी. नवरात्रात घटाखाली पेरतात तसे त्यांनी स्वतः पेरले होते. गव्हाला पहिले आठ-दहा दिवस उजेडाची फारशी गरज नसते, दाण्यातलंच पुरतं. अंधाऱ्या खोलीत, नवतप्यात, चार दिवसांत हिरवं होणारं असं काहीतरी मलाच सुचायला हवं होतं. आता अशा घरात मी पहिल्या भेटीत गहू किंवा मेथी पेरून येते.

दुसरं म्हणजे, पाणी कोण देतं हा प्रश्न मी आता सगळ्यांत आधी विचारते, घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा. आणि झाड निवडण्याआधी, ज्याच्यासाठी ते आणायचं त्या माणसाच्या जागी दहा मिनिटं बसते. आजींच्या पलंगावर मी पहिल्यांदा बसले ते दुसऱ्या भेटीत.

पश्चिमेची जाळी आम्ही मेमध्येच काढून घ्यायला हवी होती का, यावर मुलाचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्याच्या मते जाळीमुळे मोगरा कमी फुलला. यंदा एक मोगरा जाळीबाहेर ठेवून बघू.

या जानेवारीत महालातल्या जुन्या शेजारणीने आजींना एक पुडी आणून दिली. त्यात पारिजातकाच्या चपट्या, गोल, तपकिरी शेंगा आहेत. घर विकलं गेलं तरी झाड अजून उभं आहे. पारिजातक मोठं होणारं झाड, बाल्कनीत किती वर्षं मावेल हे मी आजींना सांगितलं. छाटत राहिलं तर काही वर्षं. त्या म्हणाल्या, "मले तेवढे पुरतात." शेंगा डब्यात ठेवल्या आहेत. पहिल्या पावसानंतर पेरायच्या, बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात, १५ इंची कुंडीत, आणि खालच्या काकूंना आधी सांगून.